छातीतली शिट्टी

माझं नाव सुमन. ते शाळेच्या हजेरीत होतं, रेशनकार्डावर होतं आणि देवळात कुणी विचारलं तर आई सांगायची, एवढाच त्याचा उपयोग. गल्लीत मला सगळे शिट्टी म्हणत. कोल्हापुरात टोपणनाव ठेवताना कुणी दयामाया करत नाही. लंगड्याला लंगड्या, तिरळ्याला तिरळ्या, आणि तो माणूसही त्याच नावाला ओ देतो. मला दमा होता. श्वास सोडताना छातीतून आवाज यायचा, ओलं लाकूड चुलीत घातल्यावर सूंऽ करतं तसा. मी दारात येऊन उभी राहिले की आत पोळ्या लाटणाऱ्या शेजारीण काकू मान वर न करताच म्हणायच्या, "ये गं शिट्टी." लपाछपीत मला कुणी घेतच नसे. लपून काय उपयोग, मी कुठं आहे ते साऱ्या गल्लीला ऐकू यायचं. मला त्याचं वाईट वाटायचं असं आता लिहिलं तर ते खोटं होईल. आबा, म्हणजे माझे वडील, मला लाडानं 'शिट्टे' म्हणत, आणि आबांनी हाक मारलेलं नाव वाईट कसं असेल?

आमचं घर पंचगंगेच्या घाटाकडे उतरणाऱ्या रस्त्याला होतं. दोन खोल्या आमच्या आणि त्याहून मोठा गोठा म्हशींचा. मध्ये एक अर्धी भिंत. त्यामुळे कोण कुणाच्या घरात राहत होतं हे सांगणं अवघडच. पहाटे जाग यायची ती धारेच्या आवाजानं. रिकाम्या चरवीत पहिली धार पडते तेव्हा ती खणखणते, मग चरवी भरत जाते तसा आवाज जाड, मऊ होत जातो. तो ऐकत मी अंथरुणात पडून राहायची. पाठोपाठ आईच्या भाकरी थापण्याचा आवाज, बाहेर बिगी बिगी दूध न्यायला आलेल्या लोकांची भांडी, आणि या सगळ्यात माझी शिट्टी. म्हैस व्याली की खरवस व्हायचा. आई त्यात गूळ आणि वेलदोडा सढळ हातानं घालायची, आणि तो गल्लीभर वाटून झाला की मला त्यातली बोटभर वडी मिळायची. कारण खरवसानं कफ होतो. दह्यानं होतो, केळ्यानं होतो, ताकानं तर होतोच होतो. दुधाच्या घरात जन्मून मी हळद-गुळाच्या गोळ्या आणि अडुळशाचा काढा यांवर वाढले. आज माझा नातू ताटातला खरवस नको म्हणून सरकवतो तेव्हा त्याच्या पाठीत एक धपाटा घालावा असं मला मनापासून वाटतं.

थंडीच्या दिवसांत श्वास अडकला की आमच्या घरी एक ठरलेला इलाज होता. तो आजीच्या आधीपासून चालत आलेला, आणि त्याबद्दल घरातल्या कुणाच्या मनात शंका नव्हती. आई मला घोंगड्यात गुंडाळायची आणि आबा उचलून गोठ्यात न्यायचे. तिथं म्हशीच्या पोटाशी, कडब्याच्या पेंढ्यांवर मला बसवायचे. म्हशीच्या उबेनं छाती सुटते, असं सगळे म्हणत. मला तिथं बरंही वाटायचं. ऊब असायची, शेणाचा आणि पेंडीचा वास असायचा, आबा शेजारी बसून माझी पाठ चोळायचे. म्हणजे लाड हवे असतील तर दमा लागावा असा आमच्या घरचा हिशेब होता.

त्याच गोठ्यात हरणी जन्मली. तिची आई ती जन्मताच मेली. बाटलीला रबरी बोंडलं लावून मी तिला दूध पाजलं. मला गोठ्याबाहेर खेळायला बंदी आणि तिला आई नाही, त्यामुळे आम्ही दोघी दिवसभर एकमेकींच्या वाट्याला आलो होतो. काळ्याभोर रेडीला हरणी हे नाव ठेवल्याबद्दल आबांची गल्लीत फार थट्टा झाली. पण आबांचा तिच्यावर डोळा होता तो सगरासाठी. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशींचा सगर असतो. म्हशींची शिंगं रंगवतात, गळ्यात कवड्यांचे पट्टे आणि घुंगरं बांधतात, आणि मालक पुढं पळतो. दोरी नाही, काठी नाही. गर्दी, ढोल, फटफट्यांचा कानठळ्या बसवणारा आवाज, या सगळ्यातून म्हशीनं आपल्या माणसाची हाळी ओळखायची आणि त्याच्या मागं धावत यायचं. ज्याची म्हैस असं धावते त्याची कॉलर वर्षभर ताठ. ज्याची धावत नाही त्यानं गुपचूप दूध विकावं.

हरणी मोठी झाली तरी आबांच्या मागं धावत नव्हती. दसऱ्यापासून ते तिला रोज सकाळी नदीकडच्या रस्त्याला नेत, घसा फुटेस्तोवर हाळी देत, आणि ती रस्त्याच्या कडेचं गवत हुंगत उभी राही. एक दिवस घरी पाहुणे आले म्हणून आईनं मला आबांना बोलवायला धाडलं. सावकाश जा, पळू नकोस, असं बजावून धाडलं. पळणं मला तेव्हा सक्त मना होतं. म्हणून तर कोपरा वळल्याबरोबर मी पळाले. आबांपाशी पोचले तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता, छाती मात्र रस्ताभर वाजत होती. आबांचा चढलेला आवाज ऐकून मी मार चुकवायला तशीच माघारी वळले आणि पुन्हा पळत सुटले. मागून टापांचा आवाज आला. बघते तर हरणी कान टवकारून, शेपूट वर करून माझ्या मागं येत होती.

आबा धावत आले. ते रागावलेले नव्हते. मी हाळी दिली होती का, असं त्यांनी विचारलं. मी मान हलवून नाही म्हटलं, हाळी द्यायला दम कुठला. मग माझ्या छातीला कान लावून त्यांनी बराच वेळ ऐकलं, वळून हरणीकडं बघितलं आणि म्हणाले, "आरं तिच्या. ही ह्या शिट्टीवर येतीया की."

त्या दिवसापासून मी पळायला लागले. आईनं आकांडतांडव केलं, आबांनी ते ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला उठवलं. त्यांना डॉक्टरी कळत नव्हती, म्हशी कळत होत्या. त्यांनी मला म्हशीसारखंच पळायला शिकवलं. आधी चालायचं, अंग तापलं की दुडकायचं, शिट्टी बारीक आणि चिरकी व्हायला लागली की लगेच थांबायचं, ती खाली बसली की पुन्हा निघायचं. "इरंला पडायचं न्हाय शिट्टे," ते म्हणायचे. "म्हस बघ, कुनाच्या फुडं जायाचं म्हनून पळत न्हाय ती. आपल्या मानसाकडं जायाचं म्हनून पळती." आता सकाळी रंकाळ्यावर मनगटाला घड्याळं बांधून पळणारी माणसं दिसतात. कितीदा वाटतं, त्यांना थांबवून हे सांगावं, पण कानात बोंडली घातलेल्या माणसाशी बोलायचं कसं. दिवाळी जवळ येईपर्यंत मी घाटापर्यंत न थांबता जाऊ लागले होते. पुढं मी, मागं हरणी, तिच्या मागं सायकलवर आबा. नदीवर धुकं असायचं. ज्या छातीनं मला प्रत्येक खेळातून बाहेर काढलं होतं, तीच आता माझी हाळी होती. एवढा आनंद मला पुढं लग्नातही झाला नाही, हे माझ्या नवऱ्याला माहीत होतं.

त्या पाडव्याला हरणीच्या शिंगांना तांबडा हुरमुंजी रंग लावला, त्यावर मोरपिसं बांधली. आईनं कुरकुरत का होईना, कवड्यांचा पट्टा स्वतः शिवला. मी नव्या फ्रॉकमध्ये गर्दीतून पुढं पळाले. पोरगी पळतेय म्हणून लोक हसले, शिट्ट्या मारल्या. त्या साऱ्या शिट्ट्यांतून हरणीनं माझी तेवढी ओळखली आणि धुरळा उडवत माझ्या मागं आली. आबांना कुणीतरी खांद्यावर उचललं होतं. त्यांचा फेटा सुटून गळ्यात आला होता आणि तो सावरायचं भान त्यांना नव्हतं.

संक्रांतीनंतर नवा कडबा आला. गोठ्यात कुट्टीचं मशीन लावलं होतं आणि त्याची भुकटी हवेत तरंगत होती. मला दोन दिवस सर्दी होती. दुपारी श्वास अडकला तसं नेहमीप्रमाणे घोंगडं आणलं, नेहमीप्रमाणे आबांनी मला उचलून गोठ्यात नेलं आणि हरणीच्या पोटाशी बसवलं. या वेळी छाती सुटेना. आबा पाठ चोळत राहिले. माझे ओठ निळे पडले असं आई पुढं सांगायची. मला आठवतं ते एवढंच की शिट्टी हळूहळू बंद झाली, आत हवाच जात नव्हती तर वाजणार काय, आणि ती बंद झाल्याबरोबर हरणी दावं तोडायला लागली. आबांनी मला खांद्यावर टाकलं आणि रिक्षापर्यंत अनवाणी पळाले.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. मी शुद्धीत आल्यावर त्यांनी आईला विचारलं की दमा लागला की तुम्ही घरी काय करता. आईनं मोठ्या विश्वासानं सांगितलं, गोठ्यात बसवतो, उबेला. बाईंनी खुर्ची आईजवळ ओढली. मग त्यांनी सावकाश समजावलं. कडब्याची धूळ, भुसा, जनावराच्या अंगावरचा कोंडा, यानंच हिचा दमा उठतो. पंप द्या, रोज द्या. पळणं बंद करू नका, पंप घेऊन पळू दे, त्यानं छाती चांगलीच होईल. पण या मुलीला त्या घरात ठेवू नका. आईला पंपाची सवय लागण्याची भीती वाटली. चष्म्याची सवय लागते म्हणून कुणी आंधळं राहतं का, असं बाईंनी विचारलं तेव्हा तिनं पंप हातात घेतला. आबा इतका वेळ भिंतीला टेकून उभे होते.

"म्हंजी आमीच तिला उचलून त्यात न्हेऊन बसवत हुतो," ते म्हणाले.

तुम्हाला माहीत नव्हतं, असं बाई म्हणाल्या. त्या चांगल्या मनाच्या होत्या. पण ते वाक्य आबांना आयुष्यभर पुरलं नाही. त्यानंतर त्यांनी मला कधी उचलून घेतलं नाही. मी मोठीही होत होते, पण ते कारण नव्हतं.

मला आत्तीकडे शाहूपुरीत ठेवलं. आत्ती म्हणजे आबांची थोरली बहीण. दुकानांच्या वर माडीवर राहायची, तिला मूलबाळ नव्हतं, आणि तिचं घर इतकं स्वच्छ होतं की त्यात पाय ठेवायची भीती वाटावी. पंपानं माझी छाती महिन्याभरात गप्प झाली. सुरुवातीला मला त्या शांततेनं झोप येत नसे. धार नाही, घुंगरं नाहीत, शिट्टी नाही. मी स्वतःच्या छातीवर हात ठेवून बघायची की श्वास चालू आहे ना. सकाळी शाळेच्या मैदानावर पळायची. आता थांबावं लागत नव्हतं. पाय थकायचे तेव्हा दम शिल्लक असायचा. शर्यतीत पहिली आले तेव्हा मैदानाच्या पार टोकाला, भिंतीपाशी आबा उभे दिसले. मी धावत जवळ गेले तसे ते चार पावलं मागं सरले.

ते रोज दूध घेऊन यायचे. अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून यायचे, तरी माडी चढायचे नाहीत. अंगाला वैरण हाय, म्हणायचे. आत्ती वरून दोरीनं कळशी खाली सोडायची, ते त्यात दूध ओतायचे. मी खाली गेले की ते रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर जाऊन उभे राहायचे. मध्ये ट्रक, रिक्षा, हातगाडे. आमचं बोलणं त्यांच्यावरून ओरडून व्हायचं आणि ते रोज तेच असायचं.

"जेवलीस का?"

"जेवलो." आमच्या कोल्हापुरात पोरी जेवलो, पळलो असंच बोलतात, त्याला कुणी हसत नाही.

"पळलीस का?"

"पळलो."

"छाती?"

"गप हाय आबा."

एवढं ऐकलं की ते सायकलवर टांग टाकायचे. हरणी कशी आहे असं मी विचारलं की "बेस हाय" म्हणायचे. ती व्याली हे मला आईकडून कळलं. व्याल्यावर कुणाच्या हाताला पान्हा सोडत नव्हती, आणि सकाळी रस्त्याकडं तोंड करून उभी राहत होती, हे मात्र मला तेव्हा कुणीच सांगितलं नाही.

पाडव्याला डॉक्टरीणबाईंनी एका दिवसापुरती परवानगी दिली. मी पंप ओढून, तो फ्रॉकच्या खिशात ठेवून गल्लीत आले. हरणी सजून उभी होती. मी जवळ गेले तशी तिनं मान खाली घालून माझा हात चाटला. तिची ती खरखरीत जीभ तळहातावरून मनगटापर्यंत फिरली आणि मला रडू आलं. मग मी वळले आणि पळाले. वर्षभर पळून पाय हलके झाले होते, मी कधी नव्हे इतकी सुरेख पळत होते. मागं टापा वाजल्या नाहीत. थांबून बघितलं तर हरणी जागची हलली नव्हती. मान उंच करून, कान टवकारून ती माझ्यावरून पलीकडं, रस्त्याच्या वळणाकडं बघत होती.

मी हाका मारल्या. ती माझ्याकडं बघायची आणि पुन्हा त्या वळणाकडं. म्हस इसरली की गं तुला, असं कुणीतरी म्हणालं. मी परत आले, पुन्हा पळाले, जीव खाऊन पळाले, दम लागावा म्हणून पळाले. दम लागेना. छाती गप्पच. शेवटी मी ओठ मुडपून तोंडानं शिट्टी वाजवली, तशी गल्लीतली पोरंही हसत शिट्ट्या वाजवू लागली, आणि हरणी गोंधळून गोल फिरली. आबांनी येऊन तिच्या गळ्यात दावं घातलं. दवाखान्यानंतर मी पहिल्यांदाच त्यांच्या इतक्या जवळ उभी होते आणि ते मागं सरले नाहीत.

"आबा, ही मला वळखत न्हाय?"

"वळखतीया की. हात चाटला न्हवं."

"मग पळत का न्हाय?"

आबा तिच्या शिंगावरचं मोरपीस उगाच सारखं करत राहिले. "तू आलीस, ते ठावं हाय तिला," ते म्हणाले. "पर शिट्टी आजून यायची हाय, आसं वाटतंय. तिची वाट बघतीया ती."

मी म्हटलं, "आबा, मी पंप सोडतो. चार दिस सोडतो. मग यील ती."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. ते मारतील असं मला वाटलं. "परत आसलं बोलू नगस सुमे," ते म्हणाले. "मी रोज अंबाबाईला हात जोडून सांगतो, ती शिट्टी परत धाडू नगस म्हनून."

त्यांनी मला सुमे म्हटलेलं माझ्या त्या वेळी ध्यानातही आलं नाही. त्यानंतर त्यांच्या तोंडून दुसरं नाव कधी आलं नाही. हरणी त्यांनी त्याच हिवाळ्यात चंदगडच्या एका माणसाला दिली. पान्हा न सोडणारी म्हैस दारात ठेवून चालत नाही, असं आईनं मला सांगितलं. मग एकेक करत बाकीच्याही गेल्या. गोठ्याला चुना दिला, फरशी घातली, आणि मला घरी आणलं. आबा दुसऱ्यांच्या म्हशी बघायला गडमुडशिंगीला जाऊ लागले. संध्याकाळी परत आले की अंगणातल्या नळाखाली अंघोळ करायचे आणि मग उंबऱ्यावर बसायचे, आत येत नसत. मला घर मिळालं, श्वास मिळाला. पण त्या घरात सकाळी धार वाजत नव्हती, आणि आबांना रिकाम्या हातांनी बसता येत नसे, म्हणून ते दोरी वळायचे. त्या दोऱ्या बांधायला जनावर नव्हतं. माळ्यावर त्यांचा ढीग पडून होता.

मी पुढं बरीच वर्षं पळाले. पळणं सुटलं ते गुडघ्यांनी, छातीनं नव्हे. छातीनं दगा दिला तो साठीच्या आसपास, एका थंडीत, आणि मग अधूनमधून ती पुन्हा वाजू लागली. पंप ओढला की थांबते. आबा तोवर अंथरुणाला खिळले होते. माणसं ओळखायचे, सोडायचे, पुन्हा ओळखायचे. मी माहेरी जाऊन त्यांच्या उशाशी बसायची आणि ते तेच विचारायचे. जेवलीस का. जेवलो. पळलीस का. पळलो, असं मी सांगायची. छाती? गप हाय आबा.

एक दिवस मी घाटाकडून चढ घाईनं चढून आले होते. पर्स माझ्या घरीच राहिली होती, पंप तिच्यात. मी त्यांच्याजवळ बसले. त्यांचे डोळे मिटलेले होते. जेवलीस का, पळलीस का, दोन्ही विचारून झालं. तिसरं त्यांनी विचारलं तेव्हा मी श्वास दाबून म्हटलं, गप हाय. पण दाबलेला श्वास कधीतरी सोडावा लागतोच. तो सुटला आणि खोलीत ती बारीक शिट्टी वाजली.

आबांनी डोळे उघडले नाहीत. त्यांचा चेहरा मात्र उजळला. मान हळूच दाराकडं वळवून ते म्हणाले, "शिट्टे, हरणी आली का बघ."

मी उठले. दार उघडून गल्लीत बघितलं. दुपारचं ऊन होतं, दोन मोटरसायकली उभ्या होत्या. मी आत आले आणि सांगितलं, "आली हाय, आबा."